खंड्याचा निळा

दादा गिटारी बनवायचा आणि त्याची बहीण छोटी गिटारींच्या मानेवर शिंपले-दगड बसवायचं जडावकाम करायची. छोटीने चाळिशी गाठली होती, तरी दुकानात सगळे तिला छोटीच म्हणत. त्याचा तिला राग यायचा, पण त्या दिवशीच्या रागापुढे तो काहीच नव्हता.

गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी गिटार मागवली होती. मानेवरच्या काळ्या लाकडी पट्टीत त्यांना पाण्यात सूर मारणारा खंड्या पक्षी हवा होता. गळ्याचा पांढरा आणि पोटाचा नारिंगी रंग छोटीला शिंपल्यांत चटकन मिळाला. निळ्याने मात्र दमवलं. एखादा दगड काळ्यावर ठेवला की काळाच दिसे, एखादा अगदीच फिका पडे. पाच आठवडे पायपीट करून ती शहराच्या पार टोकाला, दगडांना पैलू पाडणाऱ्या काकांकडे पोचली. काकांनी एक लादी पाण्यात बुडवून खिडकीपाशी धरली, आणि छोटी म्हणाली, हाच. पातळ काप काढायला महिना लागेल, काका म्हणाले, घाई चालणार नाही.

कापांची पुडी दहा दिवसांतच आली. दादाच घेऊन आला. एक काप ओला करून पाहिला तेव्हा त्या निळ्यात जीव वाटेना, पण ट्यूबलाइटखाली तसंच दिसतं, अशी छोटीने स्वतःची समजूत घातली. तिने पंख कापले, पट्टीत खोबण कोरली, पंख गोंदाने बसवले. दुसऱ्या दिवशी सांडलेला गोंद पुसायला तिने अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला.

बोळा निळा झाला. तिने दुसरा घेतला, तोही निळा झाला. कुठलातरी पांढरा, भुसभुशीत दगड रंगवून विकला होता. बाईंच्या बोटांच्या घामाने वर्षभरात खंड्याचा बगळा झाला असता.

तिने दोन्ही बोळे दादासमोर ठेवले. काका फार वेळ लावत होते, दादा म्हणाला, गिटार द्यायची तारीख जवळ आली होती आणि बाजारात काप तयार मिळत होते.

"काकांना काय सांगितलंस?"

दादा हातातली कानस पुसत राहिला.

"काय सांगितलंस, दादा?"

"तुझा विचार बदलला, म्हणून सांगितलं."

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दगड खोटा निघाला, ते एक वेळ तिने सोसलं असतं. पण जो रंग तिने स्वतःच्या डोळ्यांनी शोधला, तो तिनेच नाकारला, असं तिच्या तोंडी घातलं होतं.

"अगं, कुणाला कळणार होतं?" दादा म्हणाला.

"मला कळलं ना."

ती ओरडली नाही. पटाशी घेऊन तिथेच बसली आणि एकेक पंख उकरून काढला. पट्टी दादाने जीव लावून घासलेली होती. दर ठोक्याला त्याचे खांदे आखडत होते. तरी ती थांबली नाही.

मग तिने काकांचं दुकान गाठलं. काका उठलेसुद्धा नाहीत. तिने सगळं सांगितलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तुझ्या भावाने येऊन सांगावं."

दादाला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत दोघांचं बोलणं वहिनीमार्फत चाललं, तेही सुरी-कात्रीपुरतं. बाईंना छोटीने स्वतः फोन करून खरं ते सांगितलं. त्या चिडल्या, नको ते बोलल्या आणि अखेर महिनाभर थांबायला तयार झाल्या. पाचव्या सकाळी दादा स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभा राहिला. छोटी मागे बसली.

काकांचं मशीन चालू होतं. त्या आवाजात दादा काहीतरी पुटपुटला. काकांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, पुन्हा सांगा.

"हिचा विचार बदलला नव्हता," दादा म्हणाला. "मी खोटं बोललो."

काकांनी खण उघडून दादाच्या निरोपाआधीच काढून झालेले काप ओल्या फडक्यावर पसरले. दादाने हात पुढे केला, तसं त्यांनी फडकं छोटीकडे सरकवलं. तिने निवडायला तासभर घेतला. पाठीला उजळ, पंखांच्या टोकांना गडद. दादा तेवढा वेळ उभाच होता.

परतताना सिग्नलला तो म्हणाला, "झालं ना आता?"

"नाही," छोटी म्हणाली.

खंड्या महिन्याच्या आत बसला आणि बाई गिटार घेऊन गेल्या. त्याच आठवड्यात छोटीने ओळखीच्या सगळ्या दगडवाल्यांना, शिंपलेवाल्यांना फोन लावले. माझा माल मीच मागवणार आणि नको असेल तर मीच सांगणार, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका. सगळे फोन तिने मुद्दाम दादाच्या टेबलापाशी उभं राहून केले.