सेलिनची बाटली

फोनवर सेलिनचा आवाज इतका टवटवीत होता की शोभनाला आधी बरंच वाटलं.

"शोभना, यावेळी तुझ्या कॅप्सूल बाधल्याच नाहीत बघ! उलटी नाही, कंगव्यात केस नाहीत. इन्शाल्ला, नाताळ वसईलाच!"

शोभना हसली आणि हसता हसता तिच्या मनात पाल चुकचुकली. ते औषध बाधत नाही, असं कसं होईल?

सेलिनचा नवरा पॅट्रिक शोभनाच्या नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या ऑफिसातला. तिच्या कॅन्सरचं औषध मुंबईत स्वस्त, म्हणून सुट्टीवरून दुबईला परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ते यायचं. या खेपेला पाळी शोभनाची. कस्टमवाले पाकिटांवरून भंडावतात, म्हणून तिने सगळ्या कॅप्सूल काढून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. तशीच दुसरी बाटली लेकीच्या, मुग्धाच्या व्हिटॅमिनची. ओळखायला म्हणून सेलिनच्या बाटलीला रबरबँड लावला. दुबईत अल कुसैसच्या घरी बॅग उघडली, तर रबरबँड सुटून तळाशी पडलेला, आणि कॅप्सूल दोन्हीकडे गुलाबी. पण बाई पडल्या बायोकेमिस्ट्रीच्या एम. एस्सी.! 'मी ओळखते ना' म्हणत एक बाटली उचलून सेलिनला दिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

दुसरीतली कॅप्सूल ती रोज सकाळी दुधाबरोबर मुग्धाच्या हातावर ठेवत होती.

रिसीव्हर हातातून सुटून वायरीला लोंबकळला. शाळेत बारावीला ती हे हौसेने शिकवायची. पेशी दुभंगताना डीएनएच्या दोरीला पीळ पडतो. एक एन्झाइम ती दोरी कापतं, पीळ सोडवतं, पुन्हा सांधतं. हे औषध त्याला नेमकं कापल्यावर अडवतं. सांधायचं राहून जातं आणि तुटलेल्या दोऱ्या घेऊन पेशी मरते. भराभर वाढणारी पेशी आधी मरते. कॅन्सरची मरते, तशी नऊ वर्षांच्या मुलीच्या हाडामांसातलीही.

तिला दरदरून घाम फुटला. कार्टून बघणाऱ्या मुग्धाचे केस तिने मुठीत धरून ओढले. एकही हातात आला नाही.

"आऊच! ममा!"

"खरं सांग. रोजच्या गोळ्या गिळतेस ना तू?"

मुग्धाचा चेहरा पडला. "डोंट गेट अँग्री. दे स्मेल यक्." तिने दप्तरातून कंपासपेटी काढून उघडली. आत गुलाबी कॅप्सूल उन्हाने एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या.

"सगळ्या? एकही नाही गिळलीस?"

"नॉट इव्हन वन. प्रॉमिस."

शोभनाचा जीव भांड्यात पडला. लेकीला छातीशी कवटाळून ती हमसून हमसून रडली. पोरीचा खोटेपणा आयुष्यात पहिल्यांदा तिला गोड लागला.

"हॅलो? शोभना, आहेस ना?" लोंबकळत्या रिसीव्हरमधून आवाज येत होता. "पॅट्रिक नाताळची तिकिटं बघायला गेलाय गं!"

तेव्हा कुठे शोभनाच्या ध्यानात आलं. इतके दिवस सेलिन मुग्धाची व्हिटॅमिनं खात होती, आणि तिच्या पोटातला कॅन्सर मोकाट वाढत होता. पुन्हा तोच घाम फुटला. फोन ठेवून द्यावा, असंही क्षणभर वाटलं.

तिने रिसीव्हर उचलला.

"सेलिन," ती म्हणाली, "आधी खाली बस तू."