आत्याचे तीस गुण

त्या गाड्या आम्ही चालवल्याच नव्हत्या. हे मी किती वेळा सांगितलं, पण एकानेही विश्वास ठेवला नाही. ठेवणार कसा, मी पडले पत्त्याच्या पानाएवढा प्लास्टिकचा तुकडा. मी दोनाताचं लायसन बोलतेय. आमच्या भाषेत लायसन ही बाईच असते. आणि बाई म्हटल्यावर दोष कुणावर ढकलला गेला असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आम्हा लायसनांना गुण असतात. सुरुवातीला वीस. दोन वर्षं सरळ वागलं की दोन वाढतात, तीसपर्यंत. आगाऊपणा केला की वजा. शून्यावर आलं की पुन्हा परीक्षा, तीही संगणकावर. दोनाता पाचवी शिकलेली. तिच्या वेळी परीक्षा तोंडी होती म्हणून निभावली.

ती तीनचाकी टेम्पोतून आर्टिचोकची भाजी घेऊन बारलेत्ताच्या बाजारात जाते. टेम्पो चाळीसच्या वर जात नाही. उतारावर जातो, पण तेव्हा ती डोळे मोठे करून देवीचं नाव घेते. दहा वर्षांत माझे तीस गुण झाले. एवढ्या गुणांची बाई त्या घराण्यात दुसरी नव्हती. तेच नडलं.

पहिला आला भाचा, रुज्जेरो.

"आत्या, इथे एक सही कर."

"कसली?"

"कॅमेऱ्याने माझी गाडी टिपली. कोण चालवत होतं ते कळवायचं असतं. तुझं नाव लिहिलंय."

"मी कधी बसले रे तुझ्या गाडीत?"

"बसली नाहीस म्हणून तर गुण शिल्लक आहेत. काय करणार आहेस एवढ्यांचं? लोणचं घालणार?"

तिने सही केली. सहा गेले. मग त्याचा बाप, म्हणजे तिचा भाऊ साविनो आला. त्याला म्हणे लाल दिवा दिसला नाही. दिसला असता तर तो थांबणार होता, असा तो सज्जन. आणखी सहा. गुण उधळायचे त्यांनी आणि वजा व्हायचे माझे. बाजारात लोक म्हणू लागले, "दोनाता, आज विमान कुठे लावलंस?" ती काय सांगणार? कागदावर सही तिची. असं करता करता मी पाचावर आले.

परवा वाहतूक पोलिसांनी तिला कचेरीत बोलावलं. साहेबीणबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"गुरुवारी सकाळी दहा वीसला तुम्ही फोज्जाजवळ गाडी पळवत होतात."

"तसं लिहिलंय खरं."

"आणि त्याच दहा वीसला बारीत फोन कानाला लावून गाडी चालवत होतात. तिथून सव्वाशे किलोमीटरवर. तुम्ही संत असाल तर गोष्ट वेगळी."

दोनाताने दोन्ही कागदांवरच्या आपल्या सह्या पाहिल्या.

"पहिल्याचे तीन जातात, दुसऱ्याचे पाच. दोन्ही धरले तर लायसन संपलं. एक तरी कागद मागे घ्या आणि खरं नाव लिहा. उद्या फाइल पुढे जाईल, मग माझ्या हातात काही नाही."

लायसन गेलं की टेम्पो बंद, टेम्पो बंद की बाजार बंद. हे बाहेर बाकावर बसलेल्या बापलेकांनाही ठाऊक होतं.

"ताई, पोराचं लिही," ती बाहेर येताच साविनो म्हणाला. "तरुण आहे, परत परीक्षा देईल."

"बाबांचं लिही, आत्या," रुज्जेरो म्हणाला. "त्यांना आता कुठे जायचंय?"

मग साविनोचा चेहरा एकदम उजळला. "माझ्या सासूचे तीसच्या तीस शाबूत आहेत."

"ती एकोणनव्वद वर्षांची आहे," दोनाता म्हणाली.

"म्हणून तर शाबूत आहेत."

दोनाता आत गेली. पर्समधून मला काढून तिने टेबलावर ठेवलं आणि पेन मागितलं.

"गुरुवारी दहा वीसला मी ठेल्यावर होते," ती म्हणाली. "गिऱ्हाईक उभं, आणि मला फोन आला. म्हणे गाडीत आहे, घाईत सांगतो, पोराच्या मागच्या महिन्याच्या कागदावर सही करून टाक."

"कुणाचा फोन?" साहेबीणबाईंनी विचारलं.

आता माझ्याकडे दोनच गुण राहतील. राहू देत, तेवढ्यावर आर्टिचोक बाजारात पोचतात. तुमच्याकडे भरपूर असतील तर पर्स घट्ट धरा आणि घरच्यांना तर मुळीच सांगू नका.

बारीचा कागद पुढे ओढून, एकेक अक्षर दाबून, दोनाताने चालकाच्या रकान्यात लिहिलं: साविनो दिकोरातो.