लग्नात बोललेली चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे, पण आजवर माझ्यावर कुणी बसलेले नाही. सामोआतल्या सवाई बेटावर, पाद्रीबुवांच्या घरच्या शाळेत मी भिंतीवर टांगलेली असते. केवड्याच्या पाती उन्हात वाळवून लोसामावशीने मला विणले आणि माझ्या अंगावर तीन-तीन कप्प्यांच्या ओळी शिवल्या. मुले त्यांत शब्दांच्या चिठ्ठ्या खोचतात आणि बघता बघता इंग्रजी वाक्य उभे राहते. सांजेच्या प्रार्थनेत एकेक आवाज मिसळत जावा आणि सूर भरून यावा, अगदी तसे!

पाद्रीबुवांच्या पत्नी तलालेलेईबाई मुलांना शिकवत. रोज शेवटचे वाक्य त्या अर्धेच ठेवायच्या. एका मुलाने डब्यातली आवडेल ती चिठ्ठी घरी न्यायची, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या कप्प्यात खोचायची आणि वाक्य मोठ्याने वाचायचे. सात वर्षांची फेतुआओ मात्र चिठ्ठी खोचायची आणि धूम ठोकायची. तोंडातून अक्षर नाही!

एकदा चिठ्ठी घरी न्यायची पाळी फेतुआओची होती आणि त्याच दिवशी माझा एक कप्पा उसवला. लोसामावशीने मला घरी नेले, शिवले आणि गुंडाळून ठेवले. दुसऱ्याच दिवशी तिच्या भाचीचे लग्न. घाईत बायकांनी आहेराच्या चटयांबरोबर मलाही उचलले.

मांडवात एकेक तलम चटई उलगडून पाहुण्यांपुढे मिरवली जात होती. माझी पाळी आली. कप्प्यांत अर्ध्या वाक्याच्या दोनच चिठ्ठ्या होत्या, तिसरा कप्पा रिकामा.

"अगं बाई, ही कुठून आली इथं?" मावशीने कपाळावर हात मारला.

"वरपक्षाला शाळेचं दप्तर दिलंस होय गं?" शेजारीण खिदळली.

पण पाहुण्यांपुढे उलगडलेला आहेर परत मागायचा नाही, ही आमची रीत. लग्नाला आलेल्या शाळेतल्या मुलांचे चेहरे उतरले. मी आता वरपक्षाबरोबर समुद्रापलीकडे त्यांच्या बेटावर जाणार आणि शाळेची भिंत ओकीबोकी होणार!

वरपक्षाचे वक्ते तुइलोमा उठले. वक्त्याच्या मानाची, खांद्यावरची काथ्याची चवरी सावरत म्हणाले, "यावर काय लिहिलंय? वाचून तरी दाखवा कुणीतरी."

तेवढ्यात फेतुआओ उठली. मुठीतली घामेजलेली चिठ्ठी तिने तिसऱ्या कप्प्यात खोचली. या वेळी ती पळाली नाही. एकेका कप्प्यावर बोट ठेवत तिने खणखणीत वाचले, "वी... लाइक... पिग!"

मागे तापलेल्या दगडांवर डुकरे भाजली जात होती. सगळा मांडव हसून लोळला.

"पोरी, माझ्या मनातलं बोललीस गं!" तुइलोमा म्हणाले. "कधीचा वास येतोय, आणि मी इथं भाषण करतोय!"

"मग आटपा की, तात्या!" लोसामावशी म्हणाली.

"आटपतो, आटपतो. ही चटई आम्ही घेतली, आता ती आमची झाली. आणि आमचा परतीचा आहेर म्हणून ती या पोरीला दिली. आमच्या घरी नेली तर बिचारी मुकी होईल!"

त्यांनी मला फेतुआओच्या खांद्यांवर पांघरले. तिचे हृदय धडधडत होते, आणि देवाशपथ सांगते, माझी पातन् पात थरथरत होती.

फेतुआओने मला शाळेत परत आणले आणि आता मी पुन्हा त्याच भिंतीवर टांगलेली आहे. कडा झिजल्या आहेत, पण कप्पे भरलेले आहेत. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखे कुणी जुने असेल, तर त्याची उसवलेली शिवण वेळीच शिवा. आणि वर्गात एखादे मूल मूठ घट्ट मिटून गप्प बसलेले दिसले, तर त्याच्यासाठी एक कप्पा रिकामा ठेवा.