भेग बुजली तेव्हा

मी एक जुना कोबा आहे. तुम्ही आज या स्वयंपाकघरात आलात तर मी तुम्हाला दिसणार नाही, कारण माझ्या अंगावर राखाडी टाइल्स चिकटवल्या आहेत. पण मित्रांनो, मी खाली आहे आणि मला सगळे ऐकू येते.

विटांचे तुकडे, वाळू आणि सिमेंट ओतून एका गवंड्याने मला थापीने घोटघोटून गुळगुळीत केले. तेव्हा माझा काय तोरा होता! घरात नव्याने आलेली सून मला रोज पुसायची आणि शेजारणींना कौतुकाने दाखवायची. पुढे ती आई झाली. तिचा मुलगा माझ्यावर रांगला. खिडकीपाशी यंत्र मांडून ती लोकांचे कपडे शिवायची. त्या यंत्राच्या लोखंडी पायांनी मला खळगे पडले. दारापासून ओट्यापर्यंत एक लांब भेग गेली. ओट्यासमोर आई वर्षानुवर्षे उभी राहिली, तिथे मी खोलगट झालो. पाहुणे आले की भेगेवर चटई पडू लागली. मला वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

मग आईची नजर अधू होत गेली. तिने कोणालाच सांगितले नाही. मुलाला कळले तर तो आपल्याला शेगडीजवळ फिरकू देणार नाही, ही तिला धास्ती. ती घरात अनवाणी चालू लागली. भेगेवर अंगठा ठेवून ओट्यापर्यंत जायचे, पाय खोलगट जागेत बसला की समोर शेगडी. खळगे लागले की खिडकी आली. ज्या भेगेची मला लाज वाटायची, तीच आता आईला हाताला धरून नेत होती. गंमत म्हणजे आईला कधी ठेच लागली नाही. ठेच लागायची ती दोन धड डोळ्यांच्या मुलाला.

एकदा असाच अंगठा चोळत तो खाली बसला आणि आई इथे कधीतरी पडेल, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने नव्या टाइल्सचा विषय काढला.

"राहू दे की," आई म्हणाली. "मला हीच जमीन बरी आहे."

त्याला वाटले, म्हातारपणचा हट्ट आहे. खरे कारण सांगायचे तर डोळ्यांचेही सांगावे लागले असते. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती.

आई काही दिवस बहिणीकडे गेली आणि घरात कारागीर आला. टाइल्सच्या पाठीला गोंद होता, कागद सोलला की चिकटणारा. पण टाइल पातळ, खालचा एक खडासुद्धा वर उमटतो, असे तो म्हणाला. म्हणून त्याने माझ्यावरचा तेलकट थर खरवडला, साबणाच्या पाण्याने मला धुतले आणि खडखडीत वाळू दिले. मग भेग, खळगे, खोलगट जागा, सगळे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवले. घासून, धूळ पुसून, वर चिकट पाणी फिरवले. निदान एखादा खडा तरी राहील, या आशेवर मी होतो. त्याने तळहात फिरवून तोही टिपला. माणूस कामात चोख होता.

आई परत आली. "छान झालंय हो," म्हणाली, आणि चहा टाकायला निघाली. दोन पावलांवर थबकली. अंगठा इकडे फिरला, तिकडे फिरला. तिने दोन्ही हात पुढे केले आणि ते भिंतीला लागले.

"आई, काय शोधतेस?"

"ओटा," ती म्हणाली. "मला पायाला कळायचं रे. डोळ्यांना केव्हाच दिसेनासं झालंय."

मुलगा खाली बसला. टाइल्सवर तळहात फिरवून बुजलेली भेग शोधू लागला. त्याने कारागिराला पुन्हा बोलावले. टाइल्स निघतील, पण भरलेली लांबी दगड झाली आहे, भेग काही सापडायची नाही, असे कारागीर म्हणाला.

मित्रांनो, मुलगा वाईट नाही. मायेपोटीच त्याने सगळे केले. पण एखादी जुनी जागा सपाट करण्याआधी तिथे कोण चालते ते बघा, आणि त्याला "का नको?" एवढे तरी विचारा. उत्तर मिळेपर्यंत थांबा.

आईची पावले मी आवाजावरून ओळखायचो. भरभर, एकटी, ओट्याकडे. आता आधी मुलाची पावले येतात आणि त्यांच्यामागून तिची, घासत घासत. पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा ती त्याला हाक मारते.