खालच्या आळीचं पाणी

वर्षभरातल्या कामांचा आढावा दरवर्षी गावासमोर द्यायचा, हा शिरस्ता नगराध्यक्षबाईंनीच पाडला होता. त्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात लोक जमायचे, कुणीतरी खड्ड्यांवरून चार शब्द सुनावायचं आणि बाई ते मुकाट ऐकून घ्यायच्या. यंदा मात्र त्या दिवसाचा विचारही त्यांना नको वाटत होता. वाचनालयाचं छप्पर झालं, बाजारात दिवे लागले, कचऱ्याची नवी गाडी आली, हे सांगायला काही लागत नव्हतं. जड होतं ते शेवटचं. नदीकाठची खालची आळी रिकामी करायची होती.

मागच्या पुरात इस्त्रीवाल्याची बायको त्या आळीतून वाहून गेली होती. घराबाहेर पडलेली ती सासूची औषधं आणायला माघारी फिरली, आणि तेवढ्यात पाणी चढलं. त्यानंतर बाईंनी कुणाकुणाचे उंबरठे झिजवून टेकाडावर नवी इमारत उभी केली. इस्त्रीवाला आईला घेऊन सगळ्यात आधी तिथं गेला, त्याच्यामागून आणखी काही घरं गेली. उरलेली मात्र हलेनात. "शिंपीआबा जाऊ देत, मग आम्ही," असं म्हणायची. शिंपीआबा म्हणजे बाईंचे वडील.

सभेच्या आदल्या दिवशी बाई त्यांच्याकडे गेल्या. घर आणि दुकान मिळून एकच खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला टांगलेली पट्टी, आणि पुराची ओल जिथवर चढली होती तिथवर उडालेला रंग.

"आबा, उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"सांग की."

"त्याआधी तुम्ही निघा. लोक माझ्याकडे बोट दाखवतात."

आबांनी सुई उजेडाकडे धरून दोरा ओवला. "तुझी आई या खोलीत गेली, ते राहू दे. पण पँट आखूड करून घ्यायला तिथवर जिने चढून कोण येणार आहे?"

"मग माझ्याकडे राहा."

"आणि मशीन कुठं ठेवू? जावयाच्या बैठकीत?" आबा म्हणाले, आणि मशीनचं पायडल मारायला लागले. बोलणं संपलं असं सांगायची त्यांची ही जुनी रीत होती.

दुसऱ्या दिवशी ते सभेला आले, तेही कडक इस्त्रीचा सदरा घालून. बाईंनी छप्पर, दिवे, गाडी असं एकेक सांगितलं. मग आवाज न चढवता खालच्या आळीचं सांगितलं. सभागृहात चुळबुळ झाली. आबा उठले.

"नगराध्यक्षबाई," ते म्हणाले. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. "जे जाणार नाहीत त्यांचं काय करणार?"

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला आळीचं पाणी बंद होईल. मग वीज."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"मग ठीक आहे," म्हणून आबा खाली बसले. ते 'ठीक' नेमकं कशाला, हे बाईंना घरी पोचेपर्यंत उमगलं नाही, आणि नंतरही नाही.

पहिल्या तारखेला पाणी खात्याच्या माणसाबरोबर बाई स्वतः आळीत उतरल्या. तो बिचारा अवघडला होता. "बाई, आबांचं शेवटी घेऊ," तो हळूच म्हणाला. "तोवर बाकीचे निघाले, तर आबांचं बंद करायची वेळच यायची नाही."

"त्यांचं आधी."

त्यानं आबांच्या दारासमोरचं झाकण उचललं, चावी लावली, पण ती फिरवायला त्याचा हात धजेना. दारोदार माणसं येऊन उभी होती. बाईंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि चावी हातात घेतली. गंजलेली चावी दोन्ही हातांनी जोर लावल्यावर कुठं हलली. आत नळाखाली भांडं भरत असल्याचा आवाज येत होता. तो बारीक होत होत थांबला.

आबा अर्धं भरलेलं भांडं घेऊन बाहेर आले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग तिच्या गंजानं माखलेल्या हातांकडे.

"हात पुढे कर," ते म्हणाले.

बाईंनी लहान पोरीसारखे हात पुढे केले. आबांनी भांड्यातलं पाणी त्यांवर ओतलं, गंज निघेपर्यंत, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामं भांडं घेऊन आत गेले आणि दार लोटून घेतलं. पाणी खात्याचा माणूस उगाच पाय घासत उभा होता. बाई उठल्या आणि पुढच्या दाराशी गेल्या. डोळे भरून आले होते, पण आता थांबून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांचं मशीन हातगाडीवर चढलं. त्यामागोमाग आळी निघाली.

त्या वर्षी नदी काठ सोडून बाहेर आलीच नाही. लोक कुजबुजायला लागले, मग उघड बोलायला लागले. उगाच उठवलं म्हणे गरिबांना. बाई येताजाता पुलावर थांबायच्या, पाण्याकडे बघायच्या आणि कुणी पाहिलं तर लगबगीनं चालू पडायच्या. आबांनी इतके दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. शेवटी बाई आपणहून टेकाडावर गेल्या.

आबा जमिनीवर कापड पसरून बसले होते. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं, म्हणून खिडकीसाठी पडदा बेतत होते.

"पाणी आलं नाही, याचं वाईट वाटतंय का तुला?" त्यांनी वर न बघता विचारलं.

बाई चपापल्या. "नाही," म्हणाल्या, आणि मग, "थोडं वाटतं, आबा. आलं असतं तर लोकांना पटलं असतं."

"खालच्या मजल्यावर इस्त्रीवाला राहतो. त्याला विचार, त्याला काय पटायचं राहिलंय."

बाईंनी मान खाली घातली. आबांनी कापड सारखं केलं.

"माझा राग गेलेला नाही," ते म्हणाले. "ते वेगळं. आता हे टोक धर. नीट ताणून धर, नाहीतर वाकडं कापलं जाईल."

बाई खाली बसल्या आणि त्यांनी टोक धरलं.