वाढत्या अंगाची दुर्बीण

"काकू, ही दुर्बीण बादलीत बुडवून दाखवता का?"

सुलक्षणाने विचारलं आणि मागे उभ्या असलेल्या कार्मेनने सुयोगच्या दंडाला चिमटा काढला. पैज त्या दोघांनीच लावली होती. दुकानात जाऊन एवढं विचारलंस, तर रविवारी पक्षी बघायला जाताना कार्मेनच्या रॉनी अंकलच्या होडीत अगदी टोकाची जागा तुझी. गेल्या वर्षीपर्यंत हीच पोरगी पेनाची रिफिल मागायलासुद्धा कार्मेनला पुढे ढकलायची. मग शाळेच्या पक्षीमंडळात शिरली, आणि कशी कोण जाणे, तिला वाचा फुटली.

तंबू, रेनकोट आणि विजेऱ्यांच्या ढिगाआड बसलेल्या वनमालाकाकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "बुडवते की. पण बुडवली की तुमची. ओली वस्तू परत खोक्यात जात नाही."

"मग ही बुडवा," सुयोगने सगळ्यात मोठीकडे बोट दाखवलं.

"ती नको," काकू चटकन म्हणाल्या. "ती कोरड्यात वापरायची आहे. बुडवायचीच तर ही धाकटी घ्या. हिच्यात पाणी शिरत नाही."

सुलक्षणाचं हसू तिथेच विरलं. कारण बाबांनी तिला त्या मोठीसाठीच पाठवलं होतं.

बाबांचं सगळं वाढत्या अंगाचं. गणवेश दोन मापं मोठा, बूट पुढे कापूस कोंबून, सायकल अशी की पहिलं वर्ष पाय टेकायचेच नाहीत. "पोर वाढतंय, वस्तू पुरायला हवी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग दुर्बीण तरी आठपट मोठं दाखवणारी कशाला? वीसपटवाली घ्यायची, तीही एकदाच. कॉलेज संपेपर्यंत दुसरीचं नाव काढायचं नाही. कोजागरीला चंद्र दाखवतो म्हणून त्यांनी अख्ख्या मजल्याला आमंत्रणही देऊन ठेवलं होतं.

"दोन्ही गच्चीवर नेऊन बघू का?" तिने विचारलं. हा प्रश्न मात्र कुणी शिकवलेला नव्हता.

दुकानाच्या इमारतीच्या गच्चीवरून कांजूरचं कचऱ्याचं डम्पिंग दिसायचं, त्याच्यापलीकडे तिवरांची हिरवी कड आणि मग खाडी. डम्पिंगवर घारी फिरत होत्या. रोजच फिरतात, त्यांच्याकडे मान वर करून कोण बघतो?

तिने आधी मोठी उचलली. हात खाली ओढणारं वजन. डोळ्यांना लावली तर निळं, नुसतं निळं, आणि तेही थरथरणारं. घार आली म्हणेपर्यंत गेली. पुन्हा शोधली, पुन्हा निसटली. शेवटी एक पाण्याची टाकी सापडली, तिचा गंज मात्र नकाशासारखा स्पष्ट.

"हात का कापतायत तुझे? घाबरलीस काय?" सुयोग म्हणाला.

"गप रे. मलाच जमत नाहीये."

हे तिचं जुनंच होतं. बाही लांब नसते, आपलाच हात आखूड असतो, असं ती पहिलीपासून धरून चालली होती.

मग तिने धाकटी उचलली.

आणि आकाश उघडलं. एक घार नाही, घारींचा मजल्यांवर मजले चढवलेला मनोराच होता तो. खालच्या मजल्यावरच्या मोठ्या, तपकिरी, पंखांवरचं पीस न् पीस दिसणाऱ्या. वरच्या बारीक होत होत ठिपक्यांच्या. आणि सगळ्या एकाच अदृश्य जिन्याने गोल गोल वर चाललेल्या. एकही पंख हलवत नव्हती. फक्त शेपटी सुकाणूसारखी जराशी तिरकी व्हायची की अख्खी घार वळायची. कचऱ्याच्या डोंगरावर, तिच्या घराच्या इतक्या जवळ, हे रोज चाललेलं असायचं.

तिने दुर्बीण हळूच खाडीकडे नेली. तिवरांच्या वर एक फिकट रेघ तरंगत होती. रेघ वळली आणि एकदम गुलाबी झाली. फ्लेमिंगो. शेकड्यांनी. पुढचे वळले तशी ती गुलाबी लाट मागच्यांपर्यंत पोचताना दिसली, पंखांखालचा लाल-काळा रंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उघडत गेला, आणि सगळा थवा, पहिल्यापासून शेवटच्या पक्ष्यापर्यंत, त्या एका गोलात मावला.

"बोल की गं काहीतरी," कार्मेन म्हणाली. "आमचे अंकल रोज बघतात त्यांना, त्यात काय एवढं." तिने दुर्बीण ओढून घेतली आणि डोळ्यांना लावली. मग नुसतंच "यार" म्हणाली.

सुलक्षणाने मोठीकडे एकदा पाहिलं. हिच्यातून त्या थव्यातल्या एकाचा पाय दिसला असता, तोही हात स्थिर राहिला तर. होडी तर हलणारच. पाणीही उडणार. बाबा काय म्हणतील ते तिला पाठ होतं. तरी ती खाली दुकानात गेली.

"काकू, बादली आणा."

"मोठीवर सूट देते हं मी."

"बादली आणा ना."

फरशी पुसायची लाल बादली आली. सुलक्षणाने स्वतःच्या हाताने धाकटी पाण्यात सोडली. तिघांनी वाकून पाहिलं. एक बुडबुडाही वर आला नाही. तिने ती बाहेर काढली, ओढणीने पुसली, खिडकीशी गेली. घारी होत्या तिथेच फिरत होत्या.

घरी आई दारातच उभी होती. "हाडलंस गो दुर्बीण?"

बाबांनी तिच्या मागे वाकून पाहिलं, मोठं खोकं जिन्यात राहिलंय की काय म्हणून. "एवढंसंच?"

सुलक्षणाने खोकं टेबलावर ठेवलं. ओढणी अजून ओली होती.

"आई, बाबा, ऐका. या वेळी वाढत्या अंगाची नाही घेतली. मला आज मापात बसते ती घेतली, आठपटवाली. रविवारी हीच घेऊन मी होडीत जाणार. आणि परत करून ये म्हणू नका बाबा, ती बादलीत बुडवून झाली आहे."