मालकांचा नंबर

माझ्या आईला, गजराबाईला, इंग्रजी शब्द एकच यायचा: नंबर. पण तो एकटाच तिनं असा राबवला, की दुसऱ्याची गरजच पडली नाही. आडावर घागरींचा नंबर, मामांच्या चष्म्याचा नंबर, शाळेत माझा पहिला नंबर. तो तर ती कुणी न विचारता सगळ्या तेर गावाला सांगायची. सरकारी मोजणीत शेतालाही नंबर असतो, म्हणून नदीकडचं आमचं शेत म्हणजे ‘मालकांचा नंबर’. मालक, म्हणजे माझे वडील, जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी शेत त्यांचंच.

निजामाच्या राज्यातली, त्रेचाळीस सालची गोष्ट. शेजारच्या धोंडीबानं हद्दीचा दगड उपटून वीस पावलं आमच्या बाजूला रोवला. वडिलांनी स्वतः खणलेली विहीर त्याच्याकडं गेली. आईनं अर्ज केला, आणि मोजणीचा अमीन आला, थेट हैदराबादकडचा.

“दगड पुराना असेल तर खाली निशाणी असेल,” अमीन म्हणाला.

धोंडीबानं लगेच दगडाखाली खणून ओंजळभर खापरं काढली. “बगा सायेब, निशाणी.”

अमिनानं कागद पुढं ओढला.

आई शांतपणे म्हणाली, “सायेब, तेरात कुठंबी कुदळ मारा, खापरंच निघत्यात. माझ्या चुलीखालीबी हायती.”

जमलेली माणसं हसली. आमचं गाव इतकं जुनं, की मातीपेक्षा खापरंच जास्त. परगावच्या अमिनाला ते ठाऊक नव्हतं, आणि धोंडीबा घाईत विसरला.

“नंबराच्या दगडाखाली कोळसा पुरत्यात, सायेब. त्यो कुजत न्हाय. मागल्या मोजणीला कोळशाची पाटी म्याच आणली व्हती, नवी नवरी व्हते तवा.” वीस पावलं मोजत ती धोंडीबाच्या बाजूला गेली आणि थांबली. “हितं खणा.”

दोन हात खोल खणल्यावर कोळसा लागला. अमिनानं तो बोटांनी चुरून पाहिला आणि धोंडीबाला दगड जुन्या जागी आणायला सांगितलं. मला आईचा इतका अभिमान वाटला, की माझा पहिला नंबर त्यापुढं अगदीच किरकोळ वाटायला लागला.

अमीन लिहायला बसला. “ये नंबर किसका?”

“मालकांचा,” सवयीनं मीच बोलून गेले.

आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं पदर सारखा केला.

“लिवा सायेब,” ती म्हणाली. “माझा हाय.”